मानपत्रात न बसलेली माणसं

तुम्ही ऐकलेल्या शेवटच्या मानपत्रातलं एक तरी वाक्य तुम्हाला आठवतं का? खरं सांगा. शाल आठवेल, नारळ आठवेल, फोटोग्राफरसाठी पुन्हा पुन्हा दिलेला तोच पुष्पगुच्छ आठवेल. वाक्य आठवणार नाही. आठवावं म्हणून ते लिहिलेलंच नसतं.

मी असं एक मानपत्र लिहिलं आहे. एका फार मोठ्या सिनेसंगीतकाराचं. त्याचं नाव मी सांगणार नाही, आणि का ते शेवटी सांगेन. सांगितलं तर तुम्ही लगेच त्याचं एखादं गाणं गुणगुणायला लागाल आणि माझं म्हणणं बाजूला राहील.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण मानपत्र लिहायला मी सगळ्यात नालायक माणूस होते. मी पत्रकांवर वाढले. वडील सरकारी बँकेत होते आणि बँकेपेक्षा जास्त युनियनमध्ये. आमच्या घरात गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदांचे गठ्ठे असायचे. पुढच्या बाजूला 'बंधू-भगिनींनो', मागच्या कोऱ्या बाजूला माझी गणितं. अक्षरओळख मला त्या मथळ्यांवरून झाली. वडिलांचा पत्रकाबद्दल एकच नियम होता: खाली नावं असलीच पाहिजेत, आणि एकतर सगळ्यांची, नाहीतर कोणाचंच नाही. एकदा एका पुढाऱ्याला स्वतःचं नाव जाड टाइपात हवं होतं. वडील म्हणाले, "जाड टाइप हवा तर लग्नपत्रिका छाप." पुढे त्यांची बदली चंदीगडला झाली. ती शिक्षा होती हे आम्हाला कळायला वेळ लागला नाही. निवृत्त झाले तरी आम्ही इथेच राहिलो, मनीमाजऱ्यात भाड्याने, कारण तोवर मला मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती.

आमचं इथलं मराठी मंडळ म्हणजे बदलीवाल्यांचं मंडळ. चिटणीस तीन वर्षांनी भोपाळला जातो, खजिनदार गुवाहाटीला. टिकून आहेत ते एकटे अध्यक्ष, नागपूरचे, निवृत्त अधिकारी. मंडळातली माझ्या वयाची मुलं मराठी समजतात आणि हिंदीत उत्तर देतात. त्यामुळे वर्धापनदिनाला तो संगीतकार येणार असं ठरलं तेव्हा अध्यक्षांचा मला फोन आला.

"बेटा, मानपत्र तू लिही आणि वाचायचंही तूच. बाकीची पोट्टी 'ळ' म्हणताना मरून राहिली."

मी हो म्हटलं. भाषेचा माज म्हणा हवं तर.

मग संगीतकाराच्या मॅनेजरकडून चरित्र आलं आणि सोबत सूचना. सरांना 'ज्येष्ठ' म्हणू नये. वय लिहू नये. 'मराठी मातीतला' एकदाच लिहावं, कारण सर आता सगळ्या देशाचे आहेत. चरित्र मी वाचलं आणि हसू आवरेना. गिरणीगावातला जन्म, पानाच्या दुकानावरचा माळा, विकावी लागलेली पेटी, उपाशी काढलेले दिवस. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या माणसाच्या चरित्रात भूक असते, आणि ती कायम त्याची स्वतःची असते. शेजारच्या खोलीतला कोणी उपाशी असल्याची नोंद नसते. शिवाय ही भूकही पक्की नव्हती. मी त्याच्या जुन्या मुलाखती शोधून ऐकल्या. एकीत पेटी विकली होती, दुसरीत गहाण ठेवली होती, तिसरीत मित्राने पळवली होती. पहिला सिनेमा पडला, दुसऱ्यातली गाणी गल्लीबोळात वाजली, मग वर्षानुवर्षं एकामागून एक चित्रपट, पुरस्कार, आणि आता टीव्हीवर पोरासोरांच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकाची खुर्ची. तिथे तो दर शनिवारी रडतो. जाहिरातीच्या आधी डोळे भरतात, जाहिरातीनंतर गळतात.

आता काकांकडे येते. नात्याने ते आमचे कोणी नाहीत, पण मंडळात सगळेच त्यांना काका म्हणतात, माझे वडीलसुद्धा.

काका चंदीगडला लागूनच झिरकपूरला राहतात, मुलीच्या फ्लॅटमध्ये. मुलगी, म्हणजे आमची ताई, डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात आहे. काका त्या संगीतकाराचे संयोजक होते, तेही ऐन बहराच्या काळात. हे काम काय असतं ते मलाही माहीत नव्हतं. संगीतकार चाल सुचवतो. पण गाणं सुरू होताना जे वाजतं, दोन कडव्यांच्या मध्ये जे वाजतं, गायिकेच्या मागे व्हायोलिनं कुठे चढतात आणि कुठे गप्प बसतात, हे सगळं संयोजक लिहितो आणि वाजवून घेतो.

"तो दुपारी यायचा," काका सांगायचे. "टेबलावर गाडीची किल्ली आपटत ला ला ला करायचा. मुखडा व्हायचा, कधी अंतरा व्हायचा, कधी तोही नाही. मग म्हणायचा, 'बाकी तू बघ.' बाकी! अगं, त्या बाकीलाच लोक गाणं म्हणतात."

काका साधेभोळे आहेत असं समजू नका. माणूस पक्का गर्विष्ठ. झिरकपूरच्या रस्त्यावर जिकडे तिकडे मंगल कार्यालयं, इथे त्यांना पॅलेस म्हणतात. लग्नाच्या दिवसांत वरातींमुळे गाड्या हलत नाहीत. काका बाल्कनीत उभे राहून बँडवाल्यांना शिव्या घालतात, मराठीतून. पण एक गाणं वाजलं की गप्प होतात. तुम्हालाही ते माहीत आहे. पंजाबी वरातीतसुद्धा वाजतं. आणि त्यात लोक नाचताना जे तोंडाने म्हणतात ते शब्द नसतात. पहिल्या कडव्यानंतरची बासरी असते.

त्या बासरीची गोष्ट काकांनीच मला सांगितली होती, चहा पिता पिता, खदखदून हसत.

"मी तिथे व्हायोलिनं लिहिली होती. बासरीवाल्याने चार मात्रा गप्प बसायचं होतं. तो मोजायला चुकला की मुद्दाम घुसला, देव जाणे, पण मध्येच शिरला आणि वाजवून मोकळा झाला. मी स्टुडिओच्या काचेवर हात आपटला, म्हटलं हा काय गाढवपणा! मग परत ऐकलं. म्हटलं, राहू दे. गाढवाने बरं वाजवलंय."

मग हसू थांबलं आणि ते म्हणाले, "पोरी, एकदा त्याच्या तोंडासमोर माझं नाव घेतलं गेलं पाहिजे. माईकवरून, भरल्या सभेत. पडद्यावर ते सहायकांच्या गर्दीत इतकं झरकन जायचं की माझ्या बायकोला कधी वाचता आलं नाही. ती गेली. आता माझ्याही छातीचं काही सांगता येत नाही."

एवढंच हवं होतं त्यांना. नाव. आणि नावाच्या बाबतीत तर मी वडिलांची मुलगी.

मी मानपत्रात एक वाक्य घातलं: 'आपल्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करणारे, आणि आज या सभागृहात उपस्थित असलेले श्री. अमुक यांच्यासह आम्ही आपला गौरव करतो.' अमुकच्या जागी काकांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

बैठक अध्यक्षांच्या पंचकुल्याच्या घरी होती. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि त्या वाक्याखाली बोट ठेवलं.

"मानपत्र कोणाचं आहे?"

"संगीतकारांचं."

"मग दुसऱ्या माणसाचं नाव कशाला घुसवून राहिली? लग्नाच्या पत्रिकेत शेजारच्या नवरदेवाचं नाव घालतात का?"

सगळे हसले. मीही हसले असते, वाक्य चांगलं होतं.

"गाणी दोघांनी केलीत, साहेब."

"शाली तीनच आणल्यात," खजिनदार म्हणाले. "एक सरांना, एक प्रमुख पाहुण्यांना, एक बिल्डरसाहेबांना. हॉल त्यांनी दिलाय यार."

"मी शाल मागतच नाहीये. नाव मागतेय."

"आज नाव, उद्या शाल," अध्यक्ष म्हणाले. "असं कर, 'ज्ञात-अज्ञात सहकाऱ्यांच्या साथीने' असं टाक. त्याच्यात सगळेच आले."

ज्ञात-अज्ञात! मराठीतला सगळ्यात निर्लज्ज जोडशब्द. जे ज्ञात आहेत त्यांची नावं घ्यायची नसतात आणि जे अज्ञात आहेत त्यांना शोधायचं नसतं, म्हणून तो वापरतात. घरी येऊन मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अज्ञात म्हणजे काय, तर त्याला कोणी विचारलं नाही." मनीमाजऱ्याच्या बाजारात फ्रेमवाल्याकडे मानपत्र छापायला गेलं ते ज्ञात-अज्ञातसकट, सोनेरी वेलबुट्टीत.

पण वाचणार मी होते.

कार्यक्रम रविवारी सकाळी ठेवला होता, कारण संध्याकाळी हॉल एका लग्नाला दिलेला. काका नवा बंदगळा शिवून तिसऱ्या रांगेत बसले होते, शेजारी ताई, पलीकडे माझे वडील. संगीतकार उशिरा आला. काळा चष्मा, गळ्यात मफलर, पाठीमागे मॅनेजर. आमच्या बायकांनी त्याची गाणी बसवली होती, पेटी-तबल्यावर. मॅनेजरने आदल्या दिवशीच कळवलं होतं की सरांसमोर फक्त तयार ट्रॅक वाजेल, त्यामुळे पेटी आणि तबला खोळ घालून कोपऱ्यात बसले होते आणि बायका स्पीकरवरच्या ट्रॅकमागे धावत गात होत्या. संगीतकार फोन बघत होता.

आधी शाल-नारळ, मग मानपत्र. 'स्वरसम्राट' म्हटलं, 'सुरांचा सागर' म्हटलं, सगळा कचरा ठणठणीत आवाजात वाचला. ज्ञात-अज्ञातपाशी आले आणि ते गाळून माझं वाक्य म्हटलं. काकांचं नाव आडनावासकट म्हटलं, आणि स्पीकर चांगला असल्यामुळे ते हॉलच्या मागच्या भिंतीला लागून परत आलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातलाय. काका उभे राहिले. कोणी बोलावलं नव्हतं.

संगीतकाराने चष्मा काढला. "अरे! तू? तू अजून आहेस?"

माईक चालू होता. हॉल हसला.

"ये, वर ये. या माणसाला वर आणा!"

आणि पुढे जे झालं ते बघताना मला कळेना मी जिंकले की हरले. त्याने काकांना मिठी मारली. स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून काकांच्या खांद्यावर घातली. हॉल उभा राहिला. फोन वर झाले. टाळ्या कोणासाठी होत्या? काकांसाठी समजलात तर तुम्ही भोळे. टाळ्या त्या शाल देणाऱ्या हातासाठी होत्या. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला, खाली लिहिलेलं: 'मोठा कलावंत, त्याहून मोठं मन.' इतकी वर्षं ज्याने नाव दाबलं तो एका मिनिटात दाता झाला, आणि ती संधी त्याला मी मिळवून दिली. मंचावरून उतरताना अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "बघ, कार्यक्रम हिट केला की नाही आपण?" आपण!

पण सगळ्यात वाईट अजून बाकी होतं. संगीतकार त्याच वरातीतल्या गाण्याचं नाव घेऊन माईकवर म्हणाला, "या गाण्यातली ती बासरी. आम्ही दोघं समुद्रावर बसलो होतो. मी त्याला म्हटलं, मला इथे वारा हवाय." त्याने काकांकडे पाहिलं. "आठवतं ना रे?"

मी काकांकडे पाहत होते. आता बोलतील, म्हटलं. चार मात्रा, काचेवरचा हात, गाढव.

काकांनी माईक घेतला. शाल सारखी केली. "आठवतं तर! त्या एका तुकड्यासाठी मला किती दिवस झोप नव्हती. एकेक स्वर मी शोधून लिहिलाय."

टाळ्या.

परत निघालो तेव्हा गाडी ताई चालवत होती, वडील पुढे, मी आणि काका मागे. काकांनी शाल काढली नव्हती. झिरकपूरच्या अलीकडे नेहमीसारखी गाडी अडकली. दिवसाची वरात होती. घोडी, फेटे, नोटा ओवाळणारे पाहुणे आणि बँड. आणि बँडवर तेच गाणं. ते वाजतंच, यात नवल काही नाही. बासरीच्या जागी क्लॅरिनेट होतं.

"ऐका," काका म्हणाले. "माझा तुकडा."

"काका, मूळ रेकॉर्डवर बासरी कोणी वाजवली होती?"

"होता एक."

"नाव काय त्याचं?"

"अगं, पन्नास माणसं वाजवायला असायची. सकाळी यायची, संध्याकाळी जायची. त्यांची नावं कुठे लक्षात ठेवतेस?"

"पण तुम्हीच म्हणालात ना, तुकडा त्याने..."

"वाजवला त्याने. ठेवला मी!" काका चिडले. "ठेवायला अक्कल लागते."

हेच मी आधी ऐकलं होतं. अगदी याच शब्दांत नसेल, पण मंचावर, तासाभरापूर्वी. संगीतकार आणि संयोजक यांच्यात फरक एवढाच होता की एकाकडे मॅनेजर होता.

वडील पुढून, मागे न वळता म्हणाले, "काका, शाल चांगली मोठी आहे. दोघं मावले असते."

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ताईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. बापाला बोललेलं तिला लागलं होतं, आणि बोललेलं चूक नव्हतं हेही तिला दिसत होतं. मी दार उघडून खाली उतरले. गाडी तशीही हलणार नव्हती.

क्लॅरिनेटवाला माणूस लाल कोटात होता, कोटाच्या बाह्या त्याला आखूड. गाणं संपवून तो तोंड पुसत होता. मी हिंदीत म्हटलं, छान वाजवलंत, तुमचं नाव काय?

तो एकदम सावरून उभा राहिला. "क्यों जी? कोई शिकायत है?"

"नहीं नहीं. अच्छा बजाया, इसलिए पूछा."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने बँडच्या गाडीवरच्या पाटीकडे बोट केलं. "नाम उधर लिखा है जी. बैंड का." मग मास्तराने शिट्टी मारली आणि तो पुढे गेला.

ज्याचं नाव कधी विचारलं जात नाही त्याला नाव विचारलं की पहिल्यांदा तक्रार आठवते. पत्रकांनी मला पुष्कळ शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं.

नंतर मी काकांना दोनदा फोन केला, त्या बासरीवाल्यासाठी. दुसऱ्यांदा ते शांतपणे म्हणाले, "तुला माझं नाव घ्यायचं होतं की मला लहान करायचं होतं?" तिसऱ्यांदा मी फोन केला नाही. त्यांचा शालीतला फोटो आता ताईच्या हॉलमध्ये लावलाय. चार मात्रा न मोजता शिरलेला तो माणूस मुंबईत कुठे असेल, असेल की नसेल, मला ठाऊक नाही.

म्हणून या लेखात नावं नाहीत. संगीतकाराचं नाही, कारण त्याच्यापाशी ते गरजेपेक्षा जास्त आहे. काकांचं मी माईकवरून घेतलं. तेच इथे एकटं छापलं तर पुन्हा एक नाव वर आणि बाकीचे ज्ञात-अज्ञात. आणि बाकीच्यांची मला माहीत नाहीत. वडिलांचा नियम: एकतर सगळ्यांची, नाहीतर कोणाचंच नाही.

आता काम तुमचं. संपादकांना सांगून मी या लेखाखाली जागा कोरी ठेवायला लावली आहे. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, मंडळात कोणीतरी कधीतरी कोणाच्या तरी मागे बसून वाजवलं असेल: लग्नाच्या बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात, रेकॉर्डिंगमध्ये, भजनी मंडळात. त्यांच्याकडे जा. घाबरून "कशाला?" असं विचारतील. तक्रार नाही, असं आधीच सांगा. मग पूर्ण नाव विचारा, आणि त्यांच्यासोबत कोण कोण वाजवायचं तेही विचारा. सगळी नावं इथे खाली लिहा, एकाच आकाराच्या अक्षरात.